मी शॉक्ड, तू सरप्राइज्ड!

मराठी माणसाला शॉक बसायला फारसं काही लागत नाही. पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं, शॉक! मैत्रिणीने केस कापले, शॉक! संध्याकाळी सात वाजता वाकडचा पूल रिकामा दिसला, तर मग काय, डबल शॉक! आणि गंमत बघा, हे सगळे शॉक ‘बसतात’. म्हणजे शब्द उचलला इंग्रजांचा, पण क्रियापद लावलं आपल्याच धक्क्याचं. घरात, कट्ट्यावर, टपरीवर हे झकास चालतं. कुणाचं काही बिघडत नाही. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा हाच घरगुती शॉक इस्त्री करून आपण क्लायंटच्या मेलमध्ये पाठवतो.

माझ्या व्हिजिटिंग कार्डवर ‘टेक्निकल रायटर’ असं लिहिलेलं असतं. २००६ पासून हिंजवडीत हेच करतेय. कंपन्या बदलल्या, डेस्क बदलले, काम तेच. कागदोपत्री मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते. प्रत्यक्षात अर्धा दिवस ‘मॅडम, जरा इंग्लिश बघता का?’मध्ये जातो. कुणाचा रेझ्युमे, कुणाचा सुट्टीचा अर्ज, कुणाचं क्लायंटला पाठवायचं माफीपत्र. त्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘इथे सरप्राइज्ड लिहू की शॉक्ड? की सरळ ॲस्टॉनिश्ड? जरा स्ट्राँग वाटलं पाहिजे.’

हे ‘जरा स्ट्राँग’च सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. आपल्या डोक्यात एक शिडी असते, अगदी अप्रेझलच्या रेटिंगसारखी. सरप्राइज्डला दोन, अमेझ्डला तीन, ॲस्टॉनिश्डला चार आणि शॉक्डला पाचपैकी पाच. भावना जेवढी मोठी, तेवढा वरच्या पायरीवरचा शब्द. आता ही शिडी काही अगदीच आपल्या मनाची नाही हं. खुद्द चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये ‘द एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स’ या पुस्तकात अशीच एक मांडलीय. आधी लक्ष वेधलं जातं, त्यातून सरप्राइज, त्यातून ॲस्टॉनिशमेंट आणि त्याच्याही वर माणसाला बधिर करणारी अमेझमेंट, जी भीतीच्या अगदी शेजारी राहते. पण डार्विन चेहरे बघत होता. भुवया किती वर गेल्या, तोंड किती उघडलं. मेलला भुवया नसतात ना! तिथे वाचणारा एवढंच बघतो, की या शब्दाचं बोट कुणाकडे आहे. लिहिणाऱ्याकडे की माझ्याकडे?

एक उदाहरण सांगते. २००८ ची गोष्ट. क्लायंट लंडनचा. ठरलेलं टेस्टिंग न करताच आमच्या टीमने एक बिल्ड पुढे पाठवला होता. तिकडच्या बाईंची दोन ओळींची मेल आली, ‘आय ॲम अ लिटल सरप्राइज्ड...’ वगैरे. टीम लीडने ती मोठ्याने वाचली आणि खुर्चीत रेलून म्हणाला, “लिटलच आहे ना? चिल!”

चिल कसलं डोंबलाचं! इंग्रज माणूस ‘अ लिटल सरप्राइज्ड’ म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा आतून उकळत असतो. सदाशिव पेठेतल्या आजी ‘असं होय? बरं बरं’ म्हणाल्या की आपण काय ते समजतो ना, तसंच. शब्द जितका मऊ, तितकं प्रकरण गंभीर. त्यातून ‘आय ॲम सरप्राइज्ड ॲट यू’ म्हटलं तर संपलंच. म्हणजे ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’. तिकडच्या आया पोरांना याच वाक्याने झापतात.

पण खरी मजा पुढे होती. दुपारपर्यंत हवा टाइट झाल्यावर लीडने उत्तराचा ड्राफ्ट केला आणि नशिबाने तो माझ्याकडे आला. पहिलंच वाक्य, ‘वुई आर ऑल्सो शॉक्ड टू रीड युवर मेल.’ त्याला म्हणायचं होतं, की मेल वाचून आम्हालाही वाईट वाटलं. वाचणारीला कळलं असतं ते असं, की तुमची मेल म्हणजे हद्द झाली! चूक आपली आणि वर शॉक्डही आपणच. मी ते वाक्य उडवलं तर त्याचा चेहरा पडला. “अगं, पण शॉक म्हणजे धक्काच ना? मला खरंच धक्का बसलाय. काल रात्रभर झोपलो नाहीये.”

तो खोटं बोलत नव्हता. त्या प्रोजेक्टवर अकरा जणांचं बिलिंग चालू होतं आणि त्यातल्या दोघांनी नुकतंच होम लोन घेतलं होतं. भावना शंभर टक्के खरी होती. फक्त इंग्रजीतल्या ‘शॉक्ड’मध्ये एक छोटा न्यायाधीश बसलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माणसाच्या वागण्याबद्दल ‘आय ॲम शॉक्ड’ म्हटलं, की नुसतं आश्चर्य व्यक्त होत नाही, निकाल दिला जातो. हे असं व्हायला नको होतं, हे शोभत नाही, असा. मराठीतल्या धक्क्याला कोर्टकचेरीशी काही देणंघेणं नाही. तो नुसता बसतो.

शेवटी आम्ही लिहिलं, की तुम्ही सरप्राइज्ड असणं अगदी साहजिक आहे, काय घडलं ते असं, आणि गुरुवारपर्यंत दुरुस्ती. संध्याकाळी फोन झाला. प्रोजेक्ट राहिलं. लीडने वडापाव खिलवला.

मग मला या शब्दांच्या खानदानाचा नादच लागला. आणि शब्दांच्या बाबतीत एकदा कुळं-मुळं काढायला बसलं, की पत्रिका बघण्यापेक्षा जास्त मजा येते, हा स्वानुभव. सरप्राइज हा मूळचा फ्रेंच शब्द, ‘वरून पकडणं’, म्हणजे अचानक झडप घालणं. लष्करी शब्द आहे तो, आपल्या गनिमी काव्याच्या जातकुळीतला. शॉकही लढाईतलाच. समोरासमोरून धावत आलेल्या दोन फौजांची टक्कर, तो शॉक. विजेचा शॉक बराच नंतरचा.

म्हणजे दोन्ही रणांगणावरचे, पण फरक बघा. आपल्याकडचाच सीन घेऊ. एप्रिल १६६३, पुणे, लाल महाल, मध्यरात्र. शाहिस्तेखान झोपलाय आणि महाराज मोजक्या माणसांनिशी आत शिरलेत. मुदपाकखान्यातला एखादा नोकर आवाजाने दचकला असेल, तो ‘स्टार्टल्ड’. नुसतं शरीर उडालं, डोक्याने काम सुरूच केलेलं नाही. खान स्वतः ‘सरप्राइज्ड’, अगदी मूळ अर्थाने, बेसावध पकडला गेलेला. बोटांवर निभावलं, पण मुलगा गेला, तेव्हा तो ‘स्टन्ड’. सकाळी बातमी ऐकून तोंडात बोटं घालणारं पुणं ‘ॲस्टॉनिश्ड’. आणि खानाचा भाचा? औरंगजेब ‘शॉक्ड’, किंबहुना ‘अपॉल्ड’. त्याने मामाची बदली बंगालला केली. घटना एकच, पण कोण कुठे उभा आहे त्यावर शब्द ठरतो. शिडीबिडी काही नाही.

यावरचा एक जुना किस्सा डिक्शनरीवाल्यांमध्ये फेमस आहे. कधी तो डॉक्टर जॉन्सनच्या नावावर सांगतात, कधी अमेरिकेच्या नोआ वेबस्टरच्या. एकाचा कोश १७५५ चा, दुसऱ्याचा १८२८ चा, त्यामुळे किस्सा खरा असण्याची शक्यता बेताचीच. तर, कोशकार महाशय मोलकरणीचा मुका घेत असताना बायको दार उघडते आणि म्हणते, मी तर सरप्राइज्ड! महाशय शांतपणे तिचं इंग्लिश सुधारतात. नाही गं, सरप्राइज्ड मी. तू ॲस्टॉनिश्ड. (माझ्या मते ती शॉक्ड होती आणि त्याचं व्याकरण ऐकून अपॉल्ड. पण बायकांना विचारतो कोण!)

ॲस्टॉनिश, ॲस्टाउंड आणि स्टन ही तर सख्खी भावंडं. तिघांच्या पोटात ढगांचा गडगडाट आहे. लॅटिनमधलं ‘टोनारे’, म्हणजे गडगडणं. आणि आपल्या संस्कृतातलं ‘स्तनयित्नु’, मेघगर्जना, हे त्याच घराण्यातलं. म्हणजे अंगावर वीज कोसळल्यासारखं झालं असं आपण म्हणतो, तेच इंग्रज एका शब्दात म्हणतात, फक्त आता त्यांना गडगडाट ऐकू येत नाही. अपॉल्ड म्हणजे पांढराफटक पडणं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत, त्यातलं वैवर्ण्य ते हेच! स्टन्ड म्हणजे त्याच यादीतला स्तंभ. माझा सगळ्यात लाडका मात्र ‘टेकन अबॅक’. हा खलाशांचा शब्द. वारा अचानक फिरतो आणि समोरून शिडात भरतो, शीड उलटं डोलकाठीला चिकटतं, जहाज जागच्या जागी अडतं. मीटिंगमध्ये कुणीतरी सगळ्यांसमोर पटकन तोडून बोलतं आणि आपल्याला दोन सेकंद उत्तरच सुचत नाही, ती अवस्था. अमेझ्डचं मात्र वाईट झालं. ‘मेझ’ म्हणजे भुलभुलैया, त्यात हरवून जावं असा तो शब्द, पण इतका वापरला, की आता कोल्ड कॉफीही अमेझिंग आणि ऑफिसच्या बसची नवी वेळही अमेझिंग. त्याच्याबद्दल आणखी काय लिहिणार?

या सगळ्यात सरप्राइज दिसतो गरीब, पण असतो बेरकी. एकदा परदेशातून आलेले एक पाहुणे माझं प्रेझेंटेशन संपल्यावर हात मिळवून म्हणाले, ‘युवर इंग्लिश इज सरप्राइजिंगली गुड.’ आजूबाजूचे सगळे खूश. मी थँक्यू म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. त्या एका ‘सरप्राइजिंगली’ने सांगून टाकलं होतं, की त्यांनी येताना अपेक्षा कुठे ठेवली होती. माणूस वाईट नव्हता. पण सरप्राइज नेहमी बोलणाऱ्याचा आधीचा अंदाज उघडा पाडतो. प्रमोशन मिळालेल्या कलीगला ‘आय ॲम सो सरप्राइज्ड!’ लिहिण्याआधी एवढं जरूर आठवा. तिथे ‘डिलाइटेड’ बरा. नाही तर ‘तुला कसं काय मिळालं बुवा?’ असं ऐकू जातं.

आपल्या वर्तमानपत्रांनी रुळवलेला ‘सुखद धक्का’ हाही असाच एक फसवा प्रकार. मराठीत तो छान दिसतो. निवडणुकीत बसतो, दहावीच्या निकालात बसतो, क्रिकेटमध्ये तर दर मॅचला बसतो. पण तो शब्दशः उचलून ‘इट वॉज अ प्लेझंट शॉक’ केलं, की समोरचा जरा थबकतो. इंग्रजीत प्लेझंट असतं ते सरप्राइज. शॉकला सुखद व्हायला फारसं आवडत नाही.

मृत्यूच्या बातमीला मात्र शॉक्ड चालतो, पण तिथेही मेख आहे. तरुण माणूस अचानक गेला, अपघात झाला, तर ‘शॉक्ड अँड सॅडन्ड’ हे अगदी योग्य. तिथे निकाल माणसावर नसतो, घडलेल्या गोष्टीवर असतो. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या सकाळी परदेशातल्या टीम्सकडून आलेल्या मेल्स मला आठवतात. शॉक्ड, स्टन्ड, हॉरिफाइड, अपॉल्ड. एरवी कोरडी स्टेटस मेल लिहिणारी माणसं शब्द शोधत होती आणि त्यातला एकही शब्द त्या दिवशी जास्त वाटला नाही. पण आजोबा नव्वदीत, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि गेले, तर ‘शॉकिंग न्यूज!’ कशाला? तिथे नुसतं ‘सॅड’ पुरतं.

आणि कृपा करून दोनदा ‘शॉक्ड’ लिहू नका. १९४२ च्या ‘कासाब्लांका’ सिनेमात पोलीस कॅप्टन रेनॉ एक क्लब बंद करतो, कारण काय, तर तिथे जुगार चालतो हे कळून त्याला म्हणे जबरदस्त शॉक बसलाय. शॉक्ड हा शब्द तो दोनदा उच्चारतो आणि त्याच क्षणी क्लबचा माणूस त्याच्याच जुगारात जिंकलेले पैसे त्याच्या हातावर ठेवतो. तेव्हापासून इंग्रजीत दुहेरी शॉक म्हणजे ढोंग. अमेरिकेतला क्लायंट गालातल्या गालात हसेल, तुम्हाला कळणारही नाही.

हल्ली पोरं एआयला विचारतात, ते चांगलंच आहे, माझं काम हलकं झालं. फक्त ‘मेक इट स्ट्राँगर’ म्हणू नका. परवाच आमच्या टीममधल्या एका मुलीने तसं म्हटलं, तर एका साध्या ‘सरप्राइज्ड’चा तीन मिनिटांत ‘अटर्ली अपॉल्ड’ झाला. कारण काय, तर व्हेंडरने इन्व्हॉइस दोन दिवस उशिरा पाठवलं होतं!

ऑफिसात हे सगळं सोपं आहे. तिथे नुसतं बोट कुणाकडे आहे एवढं बघायचं. घरच्या माणसांशी इंग्रजी बोलायची वेळ आली, की मला जड जातं.

माझी एक शाळेतली मैत्रीण लग्नानंतर नवऱ्याच्या ऑनसाइटमागे इंग्लंडला गेली आणि तिकडचीच झाली. गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. इंग्लिशमध्ये, चार ओळी, अगदी नीटनेटका. सोळा वर्षांनंतर आम्ही दोघं वेगळे होतोय, लेक माझ्याकडे राहील, प्लीज काळजी करू नका. अशा बातम्या आपण मराठीत देत नाही. मराठीत दिल्या की समोरून प्रश्न येतात, इंग्लिशमध्ये दिल्या की इमोजी.

आले की. आणि त्यांच्यासोबत शब्दही आले. ‘शॉक्ड!’ ‘सो शॉक्ड यार.’ ‘हाउ शॉकिंग, यू टू वेअर परफेक्ट.’ सगळ्या माझ्या मैत्रिणी, सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलेला. प्रत्येकीला म्हणायचं होतं, ‘अगं, धक्काच बसला.’ पण ती पंधरा वर्षं अशा गावात राहत होती, जिथे शेजारीण तुम्हाला ‘आय ॲम शॉक्ड’ म्हणाली तर तुम्ही काहीतरी केलेलं असतं.

मी फोन हातात धरून बसले होते. शॉक्ड लिहायचा नव्हता. सरप्राइज्ड? ते खोटं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी ती दोघं पुण्यात आली होती, माझ्याकडे जेवायला होती, तेव्हा अख्खी संध्याकाळ ती एकमेकांशी लेकीमार्फत बोलत होती. ‘बाबांना विचार, भात हवाय का.’ मग खरं ते लिहायचं का, ‘नॉट सरप्राइज्ड’? त्याच्याइतकं क्रूर इंग्रजीत दुसरं काही नसेल. म्हणजे मला कधीचं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. अठरा वर्षं लोकांना शब्द पुरवतेय, आणि त्या दिवशी अख्ख्या यादीत माझ्या कामाचा एकही शब्द नव्हता.

मी विशेषण लिहिलंच नाही. मराठीत टाइप केलं, ‘वाचलं. रात्री फोन करू का? तुझ्या वेळेने.’

तिचाच आला, आपल्याकडचे साडेअकरा वाजले होते. आधी इकडचं तिकडचं झालं. आईचे गुडघे, तिकडचा पाऊस. मग म्हणाली, “ग्रुपवर बघितलंस? सगळ्या शॉक्ड. एकवीस जणी. मी मोजल्या.”

“त्यांना तसं म्हणायचं नाहीये गं.”

“माहितीये मला.” थोडा वेळ काहीच नाही. “तुला नाही बसला का शॉक?”

“नाही.”

पलीकडे किटलीचा आवाज येत होता. तो बंद होईपर्यंत ती थांबली.

“मलाही नाही,” ती म्हणाली.

मग आम्ही तिच्या लेकीच्या शाळेबद्दल बोलत बसलो. पुढच्या वर्षी तिची बोर्डाची परीक्षा आहे आणि तिला इतिहास सोडायचा नाहीये.